हृदयगतीच्या गोळ्या ‘सगळ्या सारख्याच’ नसतात

‘हृदयाची गती कमी करणाऱ्या गोळ्या सगळ्या सारख्याच, एकीने थकवा आला तर दुसरीनेही येणारच. त्यापेक्षा गोळी बंद करा. चार दिवस नाडी ठीक राहिली, तर तिची गरजच नव्हती असे समजा,’ असा एक संदेश सर्रास पुढे पाठवला जातो. तो वाचून औषध सोडण्याचा मोह त्रासलेल्या माणसालाच अधिक होतो, म्हणून त्यातील विधाने तपासणे भाग आहे.

सर्वांत घातक विधान शेवटचे आहे. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या अ‍ॅड्रिनलिनचा हृदयावरील परिणाम रोखतात. पण हे दीर्घकाळ चालले की हृदय त्या अ‍ॅड्रिनलिनला अधिक संवेदनशील बनते आणि गोळी एकाएकी थांबताच जोरात धावू लागते. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाला त्यातून झटकाही येऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर मात्रा साधारणपणे 1 ते 2 आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.

‘सगळ्या सारख्याच’ हे तर या एकाच बीटा-ब्लॉकर गटापुरतेही खरे नाही. प्रोप्रॅनोलॉल मेदात विरघळते व मेंदूपर्यंत सहज पोहोचते, त्यामुळे काहींना रात्री भयानक स्वप्ने पडून दचकून जाग येते. अ‍ॅटेनोलॉल पाण्यात विरघळणारे असल्याने हा त्रास कमी संभवतो, मात्र ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडाची तपासणी पाहूनच द्यावे लागते. मेटोप्रोलॉलचे विघटन यकृतात होते आणि नैराश्यावरील पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन सोबत चालू असेल तर त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणजे थकव्याचे मूळ कधी कधी या दोन गोळ्यांच्या जोडीत असते, आणि हे माहीत नसेल तर माणूस उगाच एकीला दोष देत राहतो.

गटाबाहेरही पर्याय आहेत, पण ते आपल्या मनाने निवडण्याजोगे नाहीत. व्हेरापामिलने बद्धकोष्ठता होते, आणि हृदयाचे पंपिंग कमकुवत असेल तर ते व डिल्टियाझेम दोन्ही टाळतात. इव्हाब्रॅडिन हृदयाच्या नैसर्गिक गतिकेंद्रावरच काम करते, त्यामुळे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके या केंद्राच्या ताब्यात न राहता अनियमित पडतात त्या विकारात, त्याचा गती आवरायला उपयोग नाही. शिवाय ते घेणाऱ्या काहींना प्रकाश अचानक बदलला की डोळ्यांपुढे क्षणभर चमक दिसते.

त्रास खरा असतो, एवढे मात्र त्या संदेशात बरोबर आहे, आणि ‘सवय होईल’ म्हणून तो झटकून टाकणे मलाही मान्य नाही. कित्येकदा औषध न बदलता मात्रा कमी करूनही भागते. कायमस्वरूपी एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांवरील, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेस 2’ या अभ्यासात विश्रांतीच्या वेळची गती मिनिटाला 110 ठोक्यांच्या खाली ठेवणे हे 80 च्या खाली ठेवण्यापेक्षा वाईट ठरले नाही. आपल्याला इतकी सूट चालेल का, हे हृदयाच्या स्थितीवर ठरते. हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा आणि जाताना विश्रांतीच्या वेळी पूर्ण एक मिनिट मोजलेली नाडी, गोळी घेतल्याची वेळ, त्रास सुरू होण्याची वेळ आणि चालू असलेल्या इतर सर्व औषधांची नावे लिहून न्यावीत.