'फ्यूज उडतोय? मोठा टाका!' : साइड मार्करच्या त्या मेसेजला उत्तर

'पाचशे रुपयांत गाडीला साइड मार्कर, गॅरेजवाल्याला हजार कशाला द्यायचे?' अशा मथळ्याचा एक मेसेज गाड्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. साइड मार्कर म्हणजे गाडीच्या बाजूला लावायचा छोटा दिवा. भाच्याने तो 'मामा, रविवारी करूया?' असं विचारत मला पाठवला, म्हणून शेवटपर्यंत वाचला. त्यात सहा टिपा आहेत. एलईडी करंट खातच नाही, म्हणून फ्यूज नको आणि रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) नको. मार्करची एक वायर पार्किंग लाइटला, दुसरी इंडिकेटरला जोडा, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता) नको. फ्यूज उडाला तर मोठा टाका. इंडिकेटर भरभर मारायला लागला तर रेझिस्टर (जास्तीचा करंट ओढणारा रोध) लावा. अर्थिंग लागलंच तर बॉडीचा कुठलाही बोल्ट चालतो. आणि रंग आवडेल तो घ्या.

रविवारी यातलं काही होणार नाही. उत्तर त्यांच्या क्रमाने देत बसत नाही. जी टीप गाडी जाळू शकते ती आधी.

'फ्यूज उडाला तर मोठा टाका'

मेसेजमध्ये शब्द असे आहेत: 'लाल उडत असेल तर हिरवा टाका, विषय संपला.' लाल म्हणजे १० अँपिअर, हिरवा म्हणजे ३०. हे लिहिणाऱ्याला फ्यूज दिव्याच्या संरक्षणासाठी असतो असं वाटत असावं. फ्यूज वायरसाठी असतो. मार्कर जळाला तर नवा आणता येतो. डॅशबोर्डमागून, कार्पेटखालून गेलेला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जळाला तर आधी गाडीतून बाहेर पडावं लागतं.

पार्किंग लाइटची वायर पुष्कळ गाड्यांत ०.५ चौरस मिलिमीटरच्या आसपास असते. तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.०३७ ओहम. तिच्यातून १० अँपिअर गेले तर दर मीटरला ३.७ वॅट उष्णता तयार होते, २० गेले तर जवळपास १५, ३० गेले तर ३३. करंट तिप्पट झाला की उष्णता नऊपट होते. शिवाय ही वायर मोकळ्या हवेत लोंबत नसते, इतर वायरींबरोबर टेपमध्ये गुंडाळलेली असते.

'पण ३० च्या वर गेलं की हिरवा उडेलच ना?' नाही उडणार. ब्लेड फ्यूजचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ८८२०-३ काय सांगतं ते बघा. नेमलेल्या करंटच्या ११० टक्क्यांवर फ्यूज १०० तास टिकलाच पाहिजे. १३५ टक्क्यांवर तो पाऊण सेकंद ते ६०० सेकंद यांच्या दरम्यान कधीही उडाला तरी पास. २०० टक्क्यांवर जास्तीत जास्त ५ सेकंद. म्हणजे ३० चा फ्यूज ४० अँपिअर दहा मिनिटं वाहू देईल आणि तरीही तो चांगलाच फ्यूज असेल.

पूर्ण शॉर्ट झाला तर हिरवासुद्धा उडेल, हे मान्य. पण घरी केलेल्या वायरिंगमध्ये सहसा वेगळं घडतं. वायर पत्र्याला घासते, दोन-चार तारा उघड्या पडतात, धक्का बसेल तेव्हा टेकतात आणि १५-२० अँपिअर ओढतात. लाल फ्यूज २० अँपिअरला पाच सेकंदांच्या आत जातो. हिरव्याच्या दृष्टीने २० अँपिअर म्हणजे रोजचंच काम. तो शांत बसतो आणि वायर तापत राहते.

फ्यूज उडतोय म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. तो शोधायला डझनभर फ्यूज जाळायची गरज नाही, एक २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणि होल्डर पुरतो. आधी मार्करचं वायरिंग जोडाजवळ सोडवा आणि फ्यूज बॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्याच अँपिअरचा नवा फ्यूज घालून पार्किंग लाइट लावा. फ्यूज टिकला तर दोष तुमच्या वायरिंगमध्ये आहे. आता जोड परत करा, पण जोडाजवळ, जिथे मार्करचा स्वतःचा फ्यूज असायला हवा तिथे, तो बल्ब मालिकेत घाला, म्हणजे मार्करचा सगळा करंट त्यातूनच जाईल. चार एलईडी मार्कर मिळून ०.३ अँपिअरच्या आसपास ओढतात, तेवढ्यावर बल्ब जेमतेम लालसर होतो. तो लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. मार्करचे कपलर (वायरीचे प्लग) एकेक करून काढा, वायर जागोजागी हलवा. जिथे बल्ब मंद होईल ती जागा. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, त्यामुळे शोधताना काही जळत नाही. आधी बघायच्या जागा म्हणजे व्हील आर्चच्या लायनरचे स्क्रू, बंपरच्या ब्रॅकेटची कड आणि ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवायची रबरी कडी) न घालता पत्र्याला पाडलेलं भोक. शेवटचं तर जवळजवळ नेहमीचंच.

'एक वायर पार्किंगला, एक इंडिकेटरला'

ही युक्ती खोटी नाही, पण ती या गाड्यांची नाही. अमेरिकेत १९६८ पासून गाड्यांना बाजूचे मार्कर दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले, १९७० पासून दोन्ही. तिथल्या अनेक गाड्यांत मार्करचा बल्ब खरोखरच पार्किंग आणि इंडिकेटर या दोन वायरींच्या मध्ये असतो, स्वतःचं अर्थिंग नसतं. पार्किंग चालू, इंडिकेटर बंद असेल तर करंट मार्करमधून इंडिकेटरच्या बल्बमार्गे अर्थला जातो. थंड फिलामेंटचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असल्याने मार्कर पूर्ण पेटतो, इंडिकेटर पेटत नाही. इंडिकेटर लागला की दोन्ही टोकांना १२ व्होल्ट, फरक शून्य, मार्कर विझतो. पार्किंग बंद असताना इंडिकेटर दिला तर करंट उलट दिशेने, पार्किंगच्या बल्बांमधून अर्थला जातो आणि मार्कर इंडिकेटरबरोबर लुकलुकतो. डोकं लावून केलेली रचना आहे, पण सगळा खेळ फिलामेंटचा.

आता इथे एलईडी घाला. एलईडी एकाच दिशेने पेटतो, त्यामुळे वरच्या दोन स्थितींपैकी एकीत मार्कर मेलेलाच दिसणार. लोक वायरी उलटवतात, मग दुसऱ्या स्थितीत मेलेला दिसतो, आणि 'पीस खराब निघाला' म्हणून दुकानदाराशी भांडण. काही मार्करमध्ये आत ब्रिज रेक्टिफायर (करंट कुठूनही आला तरी एकाच दिशेने वळवणारे डायोड) असतो, ते दोन्हीकडून पेटतात. पण गाडीचे इंडिकेटरही एलईडी असतील तर परतीचा सोपा रस्ताच उरत नाही. मग मार्कर मिणमिणतो, बंद इंडिकेटर अंधुक पेटलेला दिसतो, किंवा इंडिकेटरच्या तालावर डॅशबोर्डची लाइट हलते. ज्या गाड्यांत दिवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे वगैरे सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक) चालवतं तिथे मॉड्यूलच्या बंद आउटपुटवर बाहेरून व्होल्टेज ढकललं जातं आणि दिव्याचा फॉल्ट नोंदला जाऊ शकतो.

पार्किंगबरोबर स्थिर पेटणारा मार्कर हवा असेल तर लाल वायर पार्किंगला, काळी अर्थला, बस्स. थार, जिम्नीच्या फेंडरवर बहुतेकांना एवढंच हवं असतं. इंडिकेटरबरोबर लुकलुकायलाही हवा असेल तर तीन वायरींचा, दोन फंक्शनचा मार्कर घ्या. त्याला अर्थ, पार्किंग आणि इंडिकेटर अशा स्वतंत्र वायरी असतात. कुठली कुठे ते रंगावरून ठरवू नका. लावण्याआधी बाकावर १२ व्होल्ट देऊन, मध्ये १ अँपिअरचा फ्यूज ठेवून एकेक वायर तपासा.

'एलईडी करंट खातच नाही'

अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. असा मार्कर सहसा ५० ते १०० मिलिअँपिअर घेतो. रिलेची कॉइल एकटीच दीडशेच्या वर घेते, तेव्हा चार मार्करसाठी रिले लावणं म्हणजे दिव्यांच्या जवळपास निम्मा करंट रिलेलाच पाजणं. साध्या पार्किंग सर्किटवर रिले नको. मॉड्यूलवाल्या गाडीत मात्र पार्किंगचं आउटपुट वेगाने चालू-बंद होत असेल तर मार्कर थरथरतो. अशा सप्लायवर साधा रिले घातला तर तोही टरटरतो. तिथे वेगळा, स्थिर सप्लाय शोधावा लागतो.

पण रिले नको यावरून फ्यूज नको, ही उडी कुठून आली? दिवा कमी करंट घेतो. शॉर्ट झालेली वायर दिव्याला विचारून करंट घेत नाही. जोडापासून १५ सेंटिमीटरच्या आत ३ अँपिअरचा, जांभळा फ्यूज हवाच.

मेसेजमधल्या फोटोत जोडाला निळी टॅप क्लिप (वायर न सोलता चिमटून जोडायची क्लिप) दिसते. ती जाड वायरसाठी असते. बारीक वायरीवर ती सैल बसते, नाहीतर आतलं पातं दोन-चार तारा कापतं. कोकणातल्या एका पावसाळ्यात अशा जोडाचं तांबं हिरवं होतं. क्रिंप करा (धातूची नळी दाबून जोडा) किंवा डाग द्या, आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा.

रेझिस्टर

इंडिकेटर भरभर मारतो तो करंट कमी झाल्यावर. फ्लॅशरला, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या रिलेला, बल्ब गेल्यासारखं वाटतं. मार्कर जोडल्याने करंट वाढतो. म्हणजे मार्कर लावल्यावर हे सुरू झालं असेल तर काम करताना बल्बचा होल्डर सैल झाला, अर्थ सुटला, किंवा त्याच दिवशी मूळ बल्बही एलईडी बसवला. ते दुरुस्त करायचं सोडून ६ ओहमचा रेझिस्टर लावला तर १४ व्होल्टला त्यात २.३ अँपिअर, म्हणजे ३३ वॅट. इंडिकेटर अर्धा वेळ बंद असतो हे धरलं तरी सरासरी १६ वॅट. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने काय होतं ते माहीत असलेल्याने हा तुकडा टेपने बंपरच्या प्लॅस्टिकला चिकटवायचा सल्ला देऊ नये. मूळ बल्ब एलईडी केलाच असेल तर एलईडीचा फ्लॅशर बसतो का ते आधी बघा. रेझिस्टर अगदीच टळत नसेल तर पत्र्याला स्क्रूने, वायरींपासून लांब.

'कुठलाही बोल्ट'

बोल्टखाली रंग असतो, आणि प्लॅस्टिकच्या ब्रॅकेटचा बोल्ट तर कशालाच टेकलेला नसतो. कंपनीचा अर्थ पॉइंट वापरा. नसेलच तर रंग खरवडून, रिंग थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) घट्ट करून, वर ग्रीस. तपासताना एक फसवणूक होते. एलईडी इतका कमी करंट घेतो की सडलेलं अर्थिंगही मल्टिमीटरवर ठणठणीत दिसतं. म्हणून मार्करच्या जागी मिनिटभर २१ वॅटचा बल्ब लावा (३ अँपिअरचा फ्यूज तेवढं सोसतो) आणि बॅटरीच्या मायनसपासून मार्करच्या काळ्या वायरीपर्यंत व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थ खराब.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बाजूचा मार्कर अंबर असतो; अमेरिकेत पुढे अंबर, मागे लाल. निळा कुठेच नाही.

ज्यांनी आधीच केलंय त्यांच्यासाठी

हिरवा फ्यूज आजच काढा आणि झाकणावर लिहिलाय तो घाला. टॅप क्लिप उघडून तारा मोजा, कापलेल्या दिसल्या तर तेवढा तुकडा बदला. जांभळा फ्यूज घाला, पत्र्याच्या प्रत्येक भोकात ग्रोमेट बसवा. मग पार्किंग लाइट पंधरा मिनिटं चालू ठेवून जोड, फ्यूज होल्डर आणि अर्थचा बोल्ट यांना हात लावून बघा. ०.३ अँपिअरला यातलं काहीच तापायला नको. जे कोमट लागेल तो जोड पुन्हा उघडा.