दादा, ते वाक्य मी काढलंय

नमस्कार दादा. दादा म्हणतेय कारण तुम्ही कमेंटमध्ये वय ६१ लिहिलंय आणि माझा थोरला भाऊ साधारण तेवढाच आहे. तुमची कमेंट मंगळवारी रात्री वाचली, लगेच दोन ओळी टाइप केल्या, पुसल्या, आज रविवार म्हणून निवांत बसलेय, त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, आधी बरीच वर्षं सरकारी मनोरुग्णालयात आणि आता एका क्लिनिकमध्ये. मी लिहिलं होतं की एवढी वर्षं काढल्यावर मला या कामाबद्दल कृतज्ञता वाटते, आणि माझ्याबरोबरच्या सिस्टर, डॉक्टर, काउन्सेलर यांच्याकडूनही हेच ऐकते. त्यात एक वाक्य होतं, "बरा झालेला पेशंट हसला की माझा पगार मिळाला." त्यावर दादांनी लिहिलंय की त्यांच्या धाकट्या भावाला २२ वर्षं स्किझोफ्रेनिया आहे, आईवडील गेल्यापासून ते एकटेच बघतात, आणि "मॅडम, तुमचा पगार बँकेत जमा होतो, माझ्या भावाच्या हसण्याला पगार म्हणू नका. आमचं दुःख हे तुमच्या समाधानाचं साधन नाही. चोवीस तास करणाऱ्या घरच्यांना कुणी विचारत नाही कृतज्ञता वाटते का म्हणून, कारण आमच्यासाठी ते काम नाही, नशीब आहे."

दादा, ते वाक्य मी काढून टाकलंय. तुम्ही चिडलात म्हणून नाही, ते चुकीचंच होतं आणि मला ते आधीच कळायला हवं होतं, कारण त्याचा त्रास काय होतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्याकडे एक मुलगी यायची, दर पंधरा दिवसांनी, वेळेवर, नीट वेणी घालून, आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणायची "आता एकदम बरंय मॅडम". मला बरं वाटायचं, माझा चेहरा खुलायचा आणि ती तो बघायची. एक दिवस तिच्या आईने पर्समधून गोळ्यांच्या स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या, तीन आठवड्यांच्या, एकही गोळी फोडलेली नाही. मुलगी म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही." म्हणजे माझ्या समाधानाची काळजी ती घेत होती, आजारी असताना, वर माझी फी भरून! तेव्हापासून मी पहिल्या भेटीतच सांगते की इथे येऊन बरं वाटतंय असं सांगायची गरज नाही, बिघडलं असेल तर आधी बिघडलेलं सांगा. आणि तरीही पोस्ट लिहिताना ते वाक्य हातून गेलंच.

पण कृतज्ञता हा शब्द मात्र मी सोडणार नाही दादा, त्यावर थोडं भांडते. आपण तो समाधान, आनंद, धन्यता सगळ्याला सरसकट वापरतो आणि मीही तसाच वापरला होता. पण शब्द बघा ना, कृत म्हणजे केलेलं आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी काय केलंय हे ज्याला ठाऊक आहे तो कृतज्ञ. मला छान वाटतं की नाही हा त्यात प्रश्नच नाही, हिशोब माहीत आहे का एवढाच प्रश्न आहे. आणि आमच्या क्षेत्रात तो हिशोब काढायला बसलं तर देणेकरी आम्हीच निघतो.

तुम्ही लिहिलंय की भावाला क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध चालू आहे आणि सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासायला न्यावं लागायचं, तो सुईला घाबरायचा, तुम्ही त्याचा हात धरून बसायचात. त्या रक्त तपासणीमागची गोष्ट सांगते. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही पेशंटच्या पांढऱ्या पेशी एकदम घसरल्या, साधा जंतुसंसर्गसुद्धा शरीराला झेपेना, आणि आठ जण गेले. बऱ्याच देशांत औषध बंद झालं. पुढे १९८८ साली अमेरिकेत अभ्यास झाला, त्यात दिसलं की बाकी कुठल्याच औषधाने ज्यांना फरक पडत नाही त्यांच्यातल्याही कितीतरी जणांना याने पडतो, आणि मग ते परत आलं ते रक्त तपासणीच्या अटीवरच. आज मी पेशंटच्या घरच्यांना ठामपणे सांगते ना, की सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची तपासणी, चुकवू नका, ताप आला तर लगेच फोन करा, ते माझं ज्ञान नाही, ते त्या आठ जणांनी जीव देऊन ठेवलेलं आहे. तसंच कायद्याचं. २००१ च्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडीला मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागेला आग लागली, साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले, त्यांना पळताच आलं नाही. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की कुणालाही कुठल्याही प्रकारे साखळदंड घालता येणार नाही, आणि हे कलम मी लोकांना वाचून दाखवते तेव्हा मला ते २८ जण आठवतात. त्यांना आमच्या समाधानासाठी जळायचं नव्हतं, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे. म्हणूनच जाणीव ठेवणं एवढंच हातात राहतं.

एक माझ्या वाट्याची छोटी गोष्ट. वॉर्डात ११ वर्षं राहिलेल्या एका माणसाला घरी सोडायला मी एसटीने गेले होते, बरोबर एक अटेंडंट. वॉर्डात असताना तो ओटीत, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीत, सतरंज्या विणायचा, त्याचे थोडे पैसे मिळायचे, ते त्याने रुमालात बांधून आणले होते. कंडक्टर आला तशी मी पर्स उघडली, तोवर याने रुमालाची गाठ दाताने सोडली आणि म्हणाला, "मॅडमचं माझ्यात घ्या, सुट्टे आहेत माझ्याकडे." मी नको नको म्हणत होते आणि कंडक्टरने तिकीट फाडून त्याच्या हातात दिलंसुद्धा. त्याने ते घडी करून मला दिलं. ११ वर्षं आम्ही त्याला जेवण, कपडे, गोळ्या दिल्या आणि त्याच्याकडून काही घ्यायची वेळच येऊ दिली नव्हती, हे मला त्या सीटवर बसून कळलं. नंतर प्रवासखर्चाचं बिल भरताना ते तिकीट मी लावलं नाही, ते त्याच्या पैशाचं होतं.

या अशा गोष्टींवर अभ्यासही झालाय. कोलंबियात अपहरण आणि राजकीय हिंसेतून वाचलेल्यांबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्टचा अभ्यास २००७ साली आला, त्यात त्यांनी व्हायकेरियस रेझिलियन्स असा शब्द वापरला, म्हणजे समोरच्याने ज्या चिवटपणाने दिवस काढले ते बघून ऐकणाऱ्यातही बळ येतं. बळ कुठून कुठे जातंय ते बघा, पेशंटकडून आमच्याकडे.

आता घरच्यांचं. निम्हान्सने, म्हणजे बंगळूरच्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, २०१५-१६ ला देशाचा मानसिक आरोग्य सर्व्हे केला, त्यात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत असं निघालं. मग ही सगळी माणसं आहेत कुठे? बहुतेक घरातच, कुणाच्या तरी भावाच्या, आईच्या, बायकोच्या भरवशावर. म्हणजे या देशात हे काम कोण करतंय म्हणाल तर आधी तुम्ही आणि मग आम्ही. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, ते डॉक्टर होते पण दवाखान्यातले नव्हे, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्र शिकवायचे, पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. शुभार्थी आणि शुभंकर हे शब्द आज पेशंट आणि सांभाळणाऱ्यांसाठी आम्ही सर्रास वापरतो, ते अशाच स्वमदत गटांमध्ये रुजले. त्या गटांत बसून मी जे शिकले ते कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, उदाहरणार्थ आवाज ऐकू येणाऱ्या माणसाशी "तसं काही नाहीये" म्हणून वाद घालायचा नाही, "घाबरला आहेस का" एवढंच विचारायचं. हे मला एका आईने सांगितलं. आणि माझ्या अख्ख्या पोस्टमध्ये घरच्यांबद्दल एक ओळ नव्हती, ही तुमची तक्रार शंभर टक्के मान्य.

तुम्ही म्हणाला नाहीत पण मीच एक भर घालते. कृतज्ञता हा शब्द आमच्याच माणसांच्या तोंडावर हात ठेवायलाही वापरतात. एका संस्थेच्या ट्रेनिंगला गेले होते, समोर सगळी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची, म्हणजे कंत्राटी, पोरं, पगार तीन महिने थकलेला, आणि पहिलं सेशन काय तर कृतज्ञता डायरी लिहा! एक मुलगी वहीत नुसतं भाडं, डबा, पेट्रोल असं लिहीत बसली होती. मी उठून बोलले आणि मला परत बोलावलं नाही, हरकत नाही. पेशंटचं देणं मानायचं आणि संस्थेकडून आपलं येणं मागायचं, दोन्ही एकाच माणसाला करता येतं. मीही फी घेते आणि ती घेताना मला अवघडल्यासारखं होत नाही.

शेवटी एक विनंती. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या क्लिनिकमध्ये ट्रेनी मुलांचा वर्ग असतो. २२ वर्षं भावाला सांभाळणं म्हणजे रोज काय काय करणं, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचंय. वाटलं तर रागावूनच बोला. बाहेरच्या कुठल्याही लेक्चररला जेवढं मानधन देतो तेवढंच तुम्हाला देऊ, प्रवासखर्च वेगळा, आणि भावाजवळ त्या दिवशी थांबायला कुणी हवं असेल तर आमच्या सिस्टर येतील. त्याच्या ब्लड टेस्टचा आठवडा सोडून कुठला महिना जमेल ते इथेच कळवा.