तिला मधेच अडवायला नको होतं

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एकाने सहज एक वाक्य टाकलं आणि तेव्हापासून माझं डोकं तापलंय. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या लोकांच्या जबान्या वाचतेय, असं मी सांगत होते. तो म्हणाला, "तीस वर्षांनी म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी! त्याला काय इतिहास म्हणायचं?" मी डबा बंद केला आणि उठले. तिथे बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून इथे लिहितेय.

माझी आजी कुंडलच्या बाजूची. पत्री सरकारच्या दिवसांत ती तेरा-चौदा वर्षांची होती. रानात लपलेल्या माणसांना भाकरी पोचवायची. दुरडीत भाकरी, भाकरीखाली फडकं, फडक्याखाली चिठ्ठी. ती हे सांगायला बसली की आम्ही पोरं हलायचो नाही.

आयर्लंडने काय केलं ते ऐका. १९४७ साली तिथल्या सरकारने 'ब्युरो ऑफ मिलिटरी हिस्टरी' नावाची कचेरी काढली. १९१३ ते जुलै १९२१ या काळात जे जे लढले, ज्यांनी निरोप नेले, ज्यांनी दारं उघडून माणसं लपवली, त्यांच्याकडे माणसं पाठवली आणि लिहून घेतलं. दहा वर्षांत १,७७३ जबान्या! त्यात पुढारी आहेत, तसे साधे शिपाई आहेत, बायका आहेत.

ग्रेस गिफर्डची जबानी वाचून मी रात्रभर जागी होते. १९१६ च्या मे महिन्यात डब्लिनच्या किल्मेनम तुरुंगाच्या प्रार्थनाघरात तिचं जोसेफ प्लंकेटशी लग्न लागलं. तो त्या वर्षीच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावातला एक पुढारी. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला गोळ्या घालणार होते. लग्नानंतर दोघांना पुन्हा भेटू दिलं ते दहा मिनिटं, तेही पहाऱ्यात. लग्न झाल्याची नोंद कुठल्याही दप्तरात मिळेल. ती दहा मिनिटं कुठल्या दप्तरात मिळणार आहेत? ती तिच्याकडेच होती, जबानी देईपर्यंत तेहतीस वर्षं.

आणि जोसेफ हॉज. हे तर आपण वाचायलाच हवं. क्लेअर परगण्यातला पोरगा, ब्रिटिश फौजेच्या कॉनॉट रेंजर्समध्ये शिपाई, नेमणूक आपल्या जालंदरला. त्याआधी सुट्टीवर घरी गेला तेव्हा सैनिकांनी संगिनी रोखून हर्लिंगचा (तिकडचा काठी-चेंडूचा खेळ) सामना बंद पाडलेला त्याने पाहिला होता. छावणीत बसून त्याच्या मनात आलं, तिकडे इंग्रज माझ्या माणसांशी जे करताहेत तेच मी इथे हिंदुस्थानी माणसांशी करतोय. जालियनवाला बागेला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. २८ जून १९२० रोजी तो आणि त्याच्या सोबत्यांनी काम करायला नकार दिला. बंड सोलनच्या छावणीतही पोचलं. तिथे पुढाकार घेणाऱ्या जेम्स डेलीला २ नोव्हेंबरला दगशाईच्या तुरुंगात गोळ्या घातल्या. वीस वर्षांचा होता. बंड झालं एवढं कोर्ट मार्शलच्या कागदांवरूनही कळतं. पण एका शिपायाच्या मनात काय उलटलं, ते त्याला विचारल्याशिवाय कसं कळणार?

हो, आठवण चुकते. तारखा सरकतात, ऐकलेलं पाहिल्यासारखं वाटायला लागतं. शिवाय ब्युरोची माणसं स्वतः प्रश्न विचारून जबानी सलग करून लिहायची, त्यामुळे बोलणाऱ्याचा सूर काही ठिकाणी पुसला गेलाय. मान्य. म्हणून फेकून द्यायचं?

आजीचं असंच झालं. एकदा ती सांगत होती, "तवा शाळू काढायला आल्ता. म्या दुरडी डोस्क्यावर घेतली आन् वड्याच्या अंगानं निघाले. तितं फौजदार हुबा." तात्या, म्हणजे माझे चुलते, मधेच म्हणाले, "शाळू कुठला, आये? मागच्या खेपेला तर पाऊस लागलावता म्हणालीस." सगळे हसले. मीही हसले. आजी गप्प झाली. "आसंल बाबा. मला काय कळतंय," म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली. त्यानंतर ती गोष्ट तिने कधीच सांगितली नाही.

आयर्लंडवरही माझा राग आहे. एवढं गोळा केलं आणि १९५९ साली ८३ पोलादी पेट्यांत घालून सरकारी तिजोरीघरात कुलूपबंद केलं. उघडलं २००३ साली, बोलणारे बहुतेक सगळे गेल्यावर. कितीतरी जणांची मुलंसुद्धा तोवर गेली असतील, आपल्या आईने काय सांगितलं ते न वाचता. चव्वेचाळीस वर्षं!

पण लिहिता लिहिता वाटतंय, कुलूप होतं म्हणूनच ती माणसं बोलली असतील. १९२२ मध्ये इंग्रजांशी केलेल्या तहावरून त्यांच्यातच यादवी झाली, एकेका घरात दोन बाजू पडल्या. ब्युरोने जबान्या जुलै १९२१ च्या युद्धबंदीवरच थांबवल्या. तरी काहींनी ही कचेरी पलीकडच्या बाजूची म्हणून तोंड उघडलं नाही. अशा गावात कोण कुणासमोर मोकळं बोलणार? पेटी बंद राहणार, कुणी मधेच अडवणार नाही, कुणी हसणार नाही, एवढा भरवसा त्यांना मिळाला.

आजीला तेवढाही मिळाला नाही. आमच्या घरात तेव्हा टेपरेकॉर्डर होता. त्यावर आम्ही गाणी ऐकायचो.

मघाशी तात्यांना फोन लावला. ते आता पंचाहत्तरीला आलेत. म्हटलं, त्या ओढ्यापाशी फौजदाराने दुरडी तपासली होती का हो? बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कुणास ठाऊक, पोरी. ती तिथवरच सांगायची ना, आपण पुढचं ऐकलंच कुठं."