शंभर फुटांच्या गच्चीत चौघांची भाजी? आधी तराजू आणा

पाऊस तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता उगवतो. यंदाही उगवला. थोडक्यात तो असा: 100 चौरस फूट गच्चीत चार माणसांची वर्षभराची भाजी निघते, खर्च शून्य, सगळी विषमुक्त, क्यूबाने हवाना शहर असंच पोसून दाखवलं, घरोघरी हे झालं तर शहराला बाजाराची गरजच उरणार नाही. मी सहा वर्षं गच्चीवर भाजी लावतो, त्यामुळे तिघाचौघांनी तो मला वेगळा, कौतुकाने पाठवला. म्हणून हे उत्तर.

‘चौघांची वर्षभराची भाजी.’ राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत माणशी रोज 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. चौघांची 1.6 किलो, वर्षाची 584 किलो. आता 100 चौरस फूट म्हणजे 9.3 चौरस मीटर, गुंठ्याचा दहावा हिस्साही भरत नाही. एवढ्यातून 584 किलो काढायची तर दर चौरस मीटरला 63 किलो पडतात. आपल्याकडे हेक्टरी 50 टन टोमॅटो निघाला तर चांगलं पीक म्हणतात. ते चौरस मीटरला 5 किलो झाले. नेदरलँड्समध्ये काचघरात, ऊब आणि खत मोजून देऊन, वर्षभर टोमॅटो घेतात, तिथे आकडा 50 च्या पुढे जातो. म्हणजे मेसेजातली गच्ची डच काचघरांच्या पंक्तीला जाऊन बसली, तीही रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या जिवावर! कोणी म्हणेल, आम्ही एवढी भाजी खातच नाही. बरं, निम्मी धरा. तरी चौरस मीटरला 31 किलो हवेत.

मग गच्चीवर काही होतच नाही का? होतं की. त्याच मार्गदर्शिकेतल्या 400 ग्रॅमपैकी 100 ग्रॅम पालेभाजी आहे. माठ, पालक, अंबाडी, मायाळू आलटून पालटून घेतली तर 100 चौरस फुटांत एका माणसाची वर्षभराची पालेभाजी निघू शकते. हात बसला असेल तर दोघांची. शिवाय कढीपत्ता, गवती चहा, अळू, मिरची. हे मी स्वतः खातो, त्यामुळे त्याला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. भेंडीचं मात्र आमच्याकडे ठरलेलं आहे: ऐन बहरात एका वेळी पाव किलो, आणि तेवढ्यात पाहुणे आले की बाजारात पळा.

आणि नुसत्या भाजीने पोट भरत नाही. चौघांना दिवसाला किलोभर धान्य लागतं. आपल्या देशात गव्हाचं सरासरी पीक हेक्टरी साडेतीन टनांच्या आसपास. त्या हिशेबाने वर्षाच्या धान्याला दहा गुंठे जमीन लागते. ती कुठल्या गच्चीवर काढणार?

‘खर्च शून्य.’ हा मुद्दा वाचून आमचे सेक्रेटरी हसले, कारण कोब्याचं, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून स्लॅबवर घालतात त्या थराचं, बिल त्यांनीच चुकतं केलं होतं. पहिल्या वर्षी मी लाल मातीची पोती वर चढवली. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते, तिच्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला 150 किलो भार धरतात. ओली माती फूटभर पसरली की तेवढ्याच जागेत 500 किलोंच्या घरात जाते. स्लॅब तडकला नाही हे नशीब. ब्रिकबॅट कोबा मात्र फुटला आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात पाणी उतरलं. म्हणूनच मुरलेले गच्चीवाले माती नावापुरती घालतात. वाफा भरायचा तो पालापाचोळा, उसाचं चिपाड आणि स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या खताने. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी हेच केलं: तिथल्याच खरकट्यावर, साली-देठांवर बाग उभी केली. माझ्या मते गच्चीची खरी कमाई इथे आहे. घरातला ओला कचरा घंटागाडीत जायचा थांबला, तर ते भेंडीच्या पाव किलोपेक्षा कितीतरी वजनदार काम आहे. पण मेसेजात कचऱ्याचा क सुद्धा नाही.

‘विषमुक्त.’ शहरात पिकलं म्हणून ते शुद्ध झालं, हे कोणी ठरवलं? मुंबईत लोकलच्या रुळांकडेला पालक-मुळा वर्षानुवर्षं पिकत आला. रेल्वेनेच ‘ग्रो मोअर फूड’ योजनेत कर्मचाऱ्यांना त्या पट्ट्या दिल्या होत्या. ती भाजी शहराच्या पोटातलीच, तरी नाल्याच्या पाण्याचा प्रश्न तिला चिकटलेला होताच. गच्चीवर नाला नाही, पण मावा आणि पिठ्या ढेकूण या किडी येतातच. पहिल्या हल्ल्यात निंबोळी तेल, दुसऱ्यात धीर सुटतो, आणि नर्सरीवाला देईल ती बाटली ‘थोडीशीच’ म्हणून मारली जाते. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, ते वेगळंच.

‘हवानाने करून दाखवलं.’ दाखवलं, पण काय? 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाचं स्वस्त तेल आणि खत आटलं, लोक उपाशी राहू लागले. तेव्हा सरकारने रिकाम्या जागा कसायला दिल्या, उंच वाफे बांधले गेले, वाफ्यांच्या शेजारीच विक्रीच्या टपऱ्या लागल्या. ते काम रोजच्या रोज राबणाऱ्या माणसांनी जमिनीवर केलं. रविवारी झारी घेऊन गच्चीवर जाणाऱ्यांचं ते यश नव्हे. आणि एवढं करूनही तिथला गहू आणि बराचसा तांदूळ आजही जहाजातूनच येतो. हवानाचं उदाहरण द्यायचंच, तर पालिकेकडे मोकळा भूखंड मागा.

राहिला शेवटचा आणि मला सगळ्यात खटकणारा मुद्दा: ‘बाजाराची गरज नाही.’ 1 जून 2017 ला नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मुंबईला भाजी पुरवणाऱ्या वाशीच्या घाऊक मार्केटात गाड्या कमी झाल्या आणि दोन-तीन दिवसांत भाजीचे भाव भडकले. मे 2020 मध्ये कोरोनामुळे वाशीचं मार्केट आठवडाभर बंद राहिलं. त्या टाळेबंदीत अनेक सोसायट्यांच्या फाटकावर शेतकरी गटांचे टेम्पो थेट येऊन उभे राहिले, म्हणून भाजी मिळाली. अडचणीत शहराला तारतो तो हा दुसरा रस्ता: जवळचा शेतकरी आणि त्याला माल उतरवायला जागा. 2016 मध्ये फळं-भाजी बाजार समितीच्या नियमनातून मोकळी झाली, म्हणजे शेतकऱ्याला ती थेट विकता येऊ लागली, आणि शेतकरी आठवडे बाजार भरू लागले, तेव्हा तो जरा रुंद झाला.

आणि जवळचा शेतकरी म्हणजे किती जवळचा? वसईच्या वाड्यांतली भाजी, केळी, फुलं पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या गाडीने मुंबईत येत आली. त्याच वाड्यांवर बिल्डरांची नजर गेली, विहिरींचं पाणी टँकरने उपसलं जाऊ लागलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीला रस्त्यावर उतरावं लागलं. तिथली एक वाडी मोडली तर ती भरून काढायला किती गच्च्या लागतील, हे गणित वरच्याच आकड्यांवरून ज्याने त्याने करावं.

जाता जाता एक. आमच्या रस्त्यावरचा रविवारचा शेतकरी बाजार गाड्या लावायला अडचण होते म्हणून हलवावा, असा अर्ज मार्चमध्ये याच ग्रुपवर फिरला होता. यंदाचा मेसेज पाठवणाऱ्यांपैकी दोघांच्या सह्या त्यावर आहेत. चौदाव्या क्रमांकावर माझीही आहे. खोटं कशाला बोलू. ती मागे घेतल्याचं पत्र सोमवारी वॉर्ड ऑफिसात देतो आहे. कोणाला सोबत यायचं असेल तर साडेदहाला गेटपाशी भेटा.