पाच लाखांचे कवच म्हणजे पाचच माणसांचे नव्हे

गेल्या रविवारी मावशीकडे गेले, तेव्हा तिचा मुलगा शिधापत्रिकेवरून तिचेच नाव कमी करण्याचा अर्ज भरत बसला होता. घरात सात माणसे आहेत, आणि त्याच्या फोनवर आलेल्या संदेशात लिहिले होते की आयुष्मान कार्डावर पाचच जणांना उपचार मिळतात, सहावे नाव आढळले तर सगळ्या घराचे कार्ड रद्द होते, वृद्धांसाठी सरकारची वेगळी योजना असल्यामुळे आधी त्यांची नावे काढावीत, आणि एकदोन माणसांच्या घराला तर कार्ड मिळतच नाही. हाच संदेश आमच्या नात्यातल्या आणखी तीन घरांत पोहोचला आहे, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पाच हा आकडा जुन्या योजनेतला आहे. २००८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबातल्या पाच जणांपुरते, वर्षाला तीस हजार रुपयांचे संरक्षण होते. आयुष्मान कार्ड ज्या योजनेचे आहे, त्या २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देणाऱ्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ही अट राहिली नाही. कुटुंबातील व्यक्तींची संख्या, वय किंवा लिंग यांवर कोणतीही मर्यादा नाही, असे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण स्वतः स्पष्टपणे सांगते. कार्डही प्रत्येकाला स्वतःच्या नावाने मिळते, त्यामुळे सहाव्या माणसापायी पाच जणांची कार्डे बाद होण्याचा प्रश्नच येत नाही.

सर्वांत घातक सल्ला वृद्धांची नावे काढण्याचा आहे. वेगळी योजना आहे हे खरे, पण ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेले वय वंदना कार्ड सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांनाच मिळते, ते आधार कार्डावरील वयावरून मिळते, आणि कुटुंब आधीच योजनेत असेल तर घरातल्या अशा वृद्धांसाठी आणखी पाच लाखांचे स्वतंत्र संरक्षण मिळते. म्हणजे ज्यांचे वय बसते त्यांचेही नाव काढण्याची गरज नाही. मावशी तर सहासष्ट वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची अँजिओप्लास्टी राज्य सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, ती याच केशरी शिधापत्रिकेवर; त्या उपचारांची फाइल आणि हा अर्ज एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले मी पाहिले. नाव कमी झाल्यावर छातीत पुन्हा दुखू लागले असते, तर रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रासमोर तिची पात्रता नव्या कागदपत्रांनी पहिल्यापासून सिद्ध करावी लागली असती, आणि अशा वेळी घरच्यांनी धावपळ कशाकशाची करायची?

एक गोष्ट मान्य करावी लागते. पाच लाखांची रक्कम वर्षाला सगळ्या कुटुंबात मिळून असते, त्यामुळे सात जणांच्या घरात एकाच वर्षी दोन मोठी दुखणी आली तर ती अपुरी पडू शकते. मात्र ही मर्यादा पैशांची आहे. पात्रतेशी तिचा संबंध नाही.

लहान कुटुंबांबद्दलचे विधान तर पूर्ण उलटे आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेतील ज्या निकषांवर ग्रामीण कुटुंबे केंद्राच्या योजनेसाठी निवडली गेली, त्यांत सोळा ते एकोणसाठ वयाचे कोणीच नसलेले घर आणि या वयाचा पुरुष नसलेले स्त्रीप्रमुख घर यांचा स्पष्ट समावेश आहे, आणि अशी घरे एकदोन माणसांचीही असू शकतात.

मावशीचा अर्ज आम्ही दिला नाही. तुमच्या घरातून असा अर्ज गेला असेल, तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जाऊन तो आजच मागे घ्या, आणि शंका असेल तर १४५५५ या क्रमांकावर विचारा.