दांडिया बाजारातल्या आजोबांची वही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. बडोद्याच्या दांडिया बाजारातले आजोबा आणि त्यांच्याकडे झाडपाला शिकायला येणारी मुलगी, यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तिचं उत्तर दोन ओळींत उरकण्यासारखं नाही. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: आयुष्यभराचं ज्ञान एकाच शिष्येला देणं म्हणजे विद्या कोंडून ठेवणं, वर्षानुवर्षं मागे फिरवण्यापेक्षा आजोबांच्या वहीतले पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, फोटो काढून सगळ्यांना वाटावेत, आणि प्रयोगशाळेतून न गेलेलं औषध माणसाला देणं मुळातच चूक.

शेवटच्या मुद्द्यावर आधी बोलतो. आजोबा कुणालाही औषध देत नाहीत. मान्यताप्राप्त पात्रता आणि नोंदणी नसेल तर पारंपरिक वैद्याला व्यवसाय करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. आजोबांनी पुड्या बांधणं त्याआधीच सोडलं होतं. शिकणारी मुलगी बी.ए.एम.एस., म्हणजे आयुर्वेदाची पदवीधर आहे, तिची नोंदणी आहे, स्वतःचा दवाखाना आहे. रोग्याची जबाबदारी तिची. आजोबांकडे ती वनस्पती शिकायला येते. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात म्हटलंय की औषधींची नावं आणि रूपं रानात शेळ्या-मेंढ्या-गाई राखणाऱ्यांना ठाऊक असतात, पण नुसत्या नावा-रूपाच्या ओळखीने औषध पुरतं कळत नाही. म्हणजे गुराखीही लागतो आणि वैद्यही. आजोबांच्या निम्म्या वनस्पती जांबुघोडा-छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासी गुराख्यांनी आणि मोहफुलं वेचणाऱ्या बायकांनी दाखवलेल्या आहेत, आणि ते हे प्रत्येक वेळी सांगतात.

आता वही. ज्या बडोद्यात 1916 साली ‘काव्यमीमांसा’ छापून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, तिथला माणूस छापण्याच्या विरोधात कसा असेल? वहीचे फोटो त्या मुलीने केव्हाच काढून ठेवलेत, आजोबांनीच सांगितलं म्हणून. पण मी ती वही पाहिली आहे. काढ्याला सोळापट पाणी घालावं, अष्टमांश उरवावं; हे शार्ङ्गधरसंहितेत आहेच. बरेचसे पाठ कुठल्या ना कुठल्या छापील ग्रंथात सापडतील. कोंडून ठेवण्यासारखं त्यात फार काही नाही.

गुळवेलीचंच बघा. वहीत तिच्यासाठी एक शब्द आहे: गुळवेल. करोनाच्या काळात तिचा काढा घरोघरी सुरू झाला. पुढे 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते; डॉक्टरांना ते पटलं नाही. या वादात कोण बरोबर ते मी ठरवणार नाही. पण आजोबांच्या अंगणात त्याचा उपयोग कसा झाला, ते मी पाहिलं. वेलीची पानं झडलेली असताना त्यांनी त्या मुलीच्या पुढ्यात दोन्ही जातींच्या नुसत्या काड्या टाकल्या आणि वेगळ्या करायला सांगितल्या. खऱ्या गुळवेलीची वरची साल कागदासारखी सुटते, खाली हिरवं लागतं, आडवा काप घेतला की चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात. जिचं खोड गाठीगाठींनी भरलंय, ती बाजूला. काड्या निवडून झाल्यावर तिने उलट आजोबांना सांगितलं की यकृताचा किंवा स्वप्रतिकारशक्तीचा आजार असलेल्याला ओळख पटलेली गुळवेलसुद्धा ती देणार नाही. आजोबांनी वहीत त्या पाठाशेजारी ते लिहून घेतलं.

किडामारीचं तर त्याहून मोठं. जंतांवर आणि चिघळलेल्या जखमांवर आजोबांचे वडील ती वापरत. या वर्गातल्या वनस्पतींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. 1993 साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी वजन उतरवण्याच्या गोळ्या घेतलेल्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं प्रसिद्ध केलं, आणि त्या गोळ्यांत याच कुळातली वनस्पती मिसळली गेल्याचं निघालं. पुढे हे आम्ल कर्करोग करणारं म्हणूनही नोंदलं गेलं. शिष्येने हे समजावून सांगितल्यावर आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग वडिलांच्या हाताने लिहिलेल्या पाठावर त्यांनी आडवी रेघ मारली. तुम्ही प्रयोगशाळेचं नाव घेतलंत. ती या घरात अशी शिरली. वही आधीच सगळीकडे वाटली असती, तर रेघ न मारलेलं पान आज किती फोनमध्ये फिरत असतं?

वेळ इतका का लागतो, हाही तुमचा प्रश्न होता. सफेद मुसळी पहिल्या पावसाबरोबर वर येते आणि दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून जमिनीवरून नाहीशी होते. कंद काढायचे ते त्यानंतर, पक्व झाल्यावर. म्हणजे पावसाळ्यात जागा हेरून ठेवली नसेल तर हिवाळ्यात तुम्ही कोऱ्या मातीकडे बघत उभे. घाईने ओल्या पावसात उपटली तर कच्चे कंद मिळतात आणि पुढच्या वर्षीचा कोंबही जातो. आजोबा मुळ्या काढतात तेव्हा वरचा डोळा असलेला गड्डा परत मातीत पुरतात. एका सहलीत हे शिकता येत नाही. किमान एक अख्खं ऋतुचक्र तीच जागा पुन्हा पुन्हा बघावी लागते, आणि वनस्पती एक नसते.

अशोकाची साल म्हणून आसोपालवाची, म्हणजे रस्त्याकडेच्या उंच खोट्या अशोकाची, साल विकली जाते. शंखपुष्पी म्हटलं की एक माणूस एक झाड दाखवतो, दुसरा दुसरंच, तिसरा गोकर्णीकडे बोट करतो. बिब्बा तर औषधांच्या कायद्यातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. विटेच्या भुकटीत घोळून त्याचं तेल ओढून घेतात, तरी हातावर फोड आल्याशिवाय राहत नाहीत अशी माणसं असतात. आजोबांनी तिला बिब्बा शिकवला तो हातमोजे घालून, आणि पहिला धडा हा की कुणाला शिवूसुद्धा द्यायचा नाही.

तुमच्या एका वाक्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. ‘सांगितलं की गुण जातो’ म्हणून तोंड मिटून बसणारे जाणकार मीही बघितलेत, आणि त्यांच्याबरोबर जे गेलं त्याची मला मनापासून हळहळ वाटते. माझं एवढंच म्हणणं की आजोबा त्यांतले नाहीत. एकच शिष्या आहे, कारण एकच टिकली. आणखी कुणी यायला तयार असेल तर ओट्यावर जागा आहे, तुम्हालाही.

शेवटी तुम्ही थेट विचारलंत: वही छापणार की नाही? छापणार. ती मुलगी प्रत हळूहळू तयार करते आहे. प्रत्येक पाठाशेजारी तो कुणाला देऊ नये ते असेल, आणि प्रत्येक वनस्पतीचे पावसाळ्यातले, हिवाळ्यातले, उन्हाळ्यातले फोटो. बिब्बा आणि बचनाग या विषारी द्रव्यांची वहीतली पानं वगळायची, ही आजोबांची अट तिने मान्य केली आहे. रेघ मारलेला किडामारीचा पाठ मात्र रेघेसकट छापायचा, असा तिचा आग्रह आहे. मुसळी कुठे उगवते त्या जागांची नावं त्यात नसतील. कंद खणून नेणाऱ्यांनी आधीच रान पुष्कळ रिकामं केलंय, आणि या बाबतीत मी आजोबांच्या बाजूने आहे.