लेबर रूमला लागून एचडीयू हवंच

मी भूलतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. बाळंतीण सिरीयस झाली की नातेवाईक, पुढारी, पत्रकार सगळे एकच विचारतात, "व्हेंटिलेटर आहे का?" माझा जीव मात्र त्याच्या आधीच्या दोन तासांत अडकलेला असतो. त्यासाठीच हवं एचडीयू, म्हणजे वॉर्ड आणि आयसीयूच्या मधलं, पेशंटवर सतत लक्ष ठेवणारं युनिट.

एका रात्री एक मुलगी रेफर होऊन आली. चिठ्ठीवर 'बीपी नॉर्मल'. आमच्याकडेही ११०/७० भरलं. पण नाडी १३२, तळहात गार, पापणी खाली ओढली तर आत पांढरीफटक. सासूबाई म्हणाल्या, "दमलीय हो, झोपू द्या तिला." ती ग्लानीत जात होती. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे लिटरभर रक्त अंगावरून गेलं तरी बीपी टिकून राहतं आणि सगळे निर्धास्त असतात. आधी बोलते ती नाडी. नाडीला वरच्या बीपीने भागायचं, उत्तर ०.९ च्या पुढे गेलं की धावायचं. रक्त मिळालं, गर्भपिशवी आवळली, ती वाचली.

हिशेब सोपा आहे, पण बाळंतपणानंतर दर पंधरा मिनिटांनी तो करायला खाटेजवळ सिस्टर हवी ना! पूर्ण दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. पिशवी सैल पडली तर हातात किती वेळ उरतो?

प्रसूती विभागाच्या एचडीयू-आयसीयूसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना २०१६ पासून आहेत. मॉनिटर येतात, फीत कापली जाते, आणि रात्री तिथली सिस्टर दुसऱ्या वॉर्डात पाठवतात. याची मला फार चीड येते. हे युनिट लेबर रूमला लागूनच हवं. जनरल आयसीयूतले डॉक्टर उत्तम असतात, पण पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे का, पॅड किती भिजलं, हे बघायची तिथे सवय नसते. गरोदर बाईला उताणं झोपवलं तर पोटाच्या भाराने मोठी शीर दबते आणि बीपी कोसळतं, डाव्या कुशीला कलवावं लागतं. आणि बाळ तिसऱ्याच मजल्यावर!

२०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली, त्याचं हे फळ. ३३ च्या खाली यायला मात्र खाटेजवळचं माणूसच लागणार आहे.

घरच्यांना एक कळकळीने सांगते. बीपी वाढून येणारे झटके (फिट) बाळंतपणानंतरही येतात, कधी घरी गेल्यावर, कधी काही आठवड्यांनी. डोकं फुटेल इतकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर 'बाहेरचं' म्हणून अंगारे लावत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोला की हिचं नुकतंच बाळंतपण झालंय. नाहीतर नेहमीची फिट समजून उपचार सुरू होतील आणि या झटक्यांवरचं मॅग्नेशियमचं इंजेक्शन राहून जाईल.